बदलून आलेली ८ जीबी रॅम जुन्या मशीनवर डिस्प्लेच देत नाही, कंपनी म्हणते ‘टेस्टेड ओके’

सेक्टर_एकोणीस (कोपरखैरणे)

ऑफिसातला ब्रँडेड टॉवर आहे. मदरबोर्डवर एच८१ चिपसेट, प्रोसेसर आय५-४५७० (इंटेलची चौथी पिढी), रॅमचे दोनच स्लॉट, विंडोज १०. काम म्हणाल तर टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. एका स्लॉटमध्ये मशीनसोबत आलेली ४ जीबी, दुसऱ्यात मागाहून घातलेली ८ जीबी डीडीआर३. ही ८ जीबीवाली गेली. तिला लाइफटाइम वॉरंटी होती, सर्व्हिस सेंटरला दिली, बदलून दुसरी मिळाली. ती लावली की पंखा फिरतो, बीप वाजत राहतो, डिस्प्ले येत नाही. काढली की ४ जीबीवर मशीन बिनतक्रार चालू. परत नेऊन दिली तर ‘टेस्टेड ओके, नो फॉल्ट फाउंड’ असा शेरा मारून तीच हातात ठेवली.

१. त्यांच्याकडे चालते, आमच्याकडे नाही, हे कसं?
२. दुसरी रॅम किंवा पैसे मागता येतात का?
३. एनव्हीएमई एसएसडी (साटा केबलऐवजी पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी) कार्डावर बसवून स्लॉटात लावली आहे. विंडोजमध्ये दिसते, पण तिच्यावरून मशीन चालू (बूट) होत नाही.
४. हार्डवेअरवाला म्हणतो एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कमी पडतोय, ५०० वॅटचा टाकू. टाकावा का?

चिपमोज्या

फक्त पहिल्या प्रश्नाचं सांगतो. रॅम चांगली आहे, मशीनही चांगलं आहे, दोघांचं जमत नाही इतकंच. रॅम हातात घ्या आणि दोन्ही बाजूंच्या मिळून काळ्या चिपा मोजा.

मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमचा कारभार बघणारा भाग, रॅमशी एका वेळी ६४ बिटांचा व्यवहार करतो. साध्या डेस्कटॉप रॅममधली एकेक चिप त्यातले ८ बिट सांभाळते, म्हणून ८ चिपांचा एक गट होतो. त्याला रँक म्हणतात. तुमच्या चौथ्या पिढीच्या इंटेलचा कंट्रोलर जास्तीत जास्त ४ गिगाबिटची चिप ओळखतो. अशा ८ चिपा म्हणजे ३२ गिगाबिट, म्हणजे ४ जीबी. तेव्हा या मशीनला चालणारी ८ जीबी रॅम दोन रँकची, १६ चिपांचीच असणार. पुढे ८ गिगाबिटच्या डीडीआर३ चिपा आल्या आणि तीच ८ जीबी ८ चिपांत बसायला लागली. कंपनीच्या दृष्टीने निम्म्या चिपा, तुमच्या कंट्रोलरच्या दृष्टीने अनोळखी माल. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर एखादी पिढी पुढचा बोर्ड असेल तर तिथे ती सुरळीत चालते आणि शेरा खोटा ठरत नाही.

चिपा मोजायच्या नसतील तर स्टिकर वाचा. ‘२आरएक्स८’ म्हणजे दोन रँक, ८ बिटच्या चिपा, ही हवी. ८ जीबी असून ‘१आरएक्स८’ लिहिलं असेल तर ती तुमच्याकडे चालणार नाही. तिसरी जात ‘१आरएक्स४’, आणि ती सगळ्यात फसवी. चिप ४ बिटची असल्याने एकाच रँकला १६ लागतात, म्हणजे मोजणाऱ्याला आकडा बरोबर दिसतो. ऑनलाइन ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात विकली जाते ती बहुतेक हीच. इंटेलचे साधे डेस्कटॉप कंट्रोलर ४ बिटच्या चिपा घेतच नाहीत.

स्टिकर फाटलेलं किंवा वरून चिकटवलेलं वाटत असेल तर चिपेवरचा नंबर बघा. सॅमसंगच्या चिपेवर सुरुवातीला ‘के४बी४जी०८’ असेल तर ४ गिगाबिट, ८ बिट. ‘०८’ च्या जागी ‘०४’ असेल तर ४ बिटवाली. हायनिक्सवर ‘एच५टीक्यू४जी८३’ किंवा ‘एच५टीसी४जी८३’ चालेल, ‘४जी४३’ नको. ही अक्षरं समोरून दिसत नाहीत, मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून रॅम थोडी तिरकी धरावी लागते.

पक्कं म्हणण्याआधी एवढं करून घ्या. मेन स्विच बंद, वायर काढा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा. रॅमचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबरने हलके पुसा, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवा. खाडीकडच्या दमट हवेत त्यांवर थर बसतो आणि चांगली रॅमही बीप मारते. मग नवी रॅम एकटीच एका स्लॉटात, नंतर एकटीच दुसऱ्यात. तरीही नाही, तर बोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल काढून पाच-दहा मिनिटांनी लावा आणि पुन्हा बघा. सगळं करून ४ जीबीवाली चालते आणि ही चालत नाही, म्हणजे प्रश्न मांडणीचाच.

सेक्टर_एकोणीस (कोपरखैरणे)

एकाच बाजूला ८ चिपा, दुसरी बाजू कोरी. स्टिकरवर १आरएक्स८ पीसी३एल-१२८००यू. जुनी देताना मोबाइलवर फोटो काढला होता, तिच्यावर २आरएक्स८ आहे. पुसणं, सेल, दोन्ही स्लॉट, सगळं केलं. फरक नाही.

तुर्भेकर

बायोस (मशीन चालू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा की. जुन्या बोर्डांना नवी रॅम त्यानेच ओळखू येते.

चिपमोज्या

या बाबतीत नाही. कंट्रोलर बोर्डवर नसतो, प्रोसेसरच्या आत असतो. हार्डवेअरच ती चिप हाताळत नसेल तर बायोस काय करणार? पाचव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला ८ गिगाबिटच्या चिपा चालतात आणि सॉकेटही १११५०च आहे, पण तो ९ मालिकेच्या चिपसेटवरच बसतो, एच८१वर नाही. बायोस अपडेटचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो: याच बोर्डवर २०१४ साली आलेला आय५-४५९० टाकायचा असेल तर जुन्या बायोसवर अडू शकतं. आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय उगाच हात लावू नये.

‘पीसी३एल’ मधल्या ‘एल’ची काळजी नको. ती १.३५ व्होल्टची रॅम, डेस्कटॉपला १.५ व्होल्टवरही चालते. उलटा प्रकार त्रास देतो: त्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना १.३५चीच लागते, १.५वाली लावली तर डिस्प्ले येत नाही. शेवटचा ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉप रॅम. तिथे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची, फुकट मिळाली तरी घेऊ नका.

जॉबशीट

आता दुसरा प्रश्न. लोक इथे एक घोळ करतात आणि हातातली बाजू घालवतात. वॉरंटी दोषासाठी असते, जुळणीसाठी नसते. तुम्ही काउंटरवर ‘रॅम खराब आहे’ म्हणून दिलीत, त्यांनी लावून बघितली, चालली, परत केली. त्यांच्या नियमांत ते बरोबर आहेत. पुन्हा त्याच शब्दांत दिलीत तर पुन्हा तोच शेरा येईल.

तुमची तक्रार वेगळी आहे: दिलेली बदली मूळ वस्तूच्या तोडीची नाही. बहुतेक कंपन्यांच्या अटींत बदली ‘तीच किंवा कार्याने समतुल्य, नवी किंवा दुरुस्त केलेली’ अशी देण्याची मुभा त्यांनी ठेवलेली असते. कंपनी म्हणणार ८ जीबी, १६००, १.३५ व्होल्ट, झालं समतुल्य. तुमचं म्हणणं असं की कार्याने समतुल्य म्हणायचं तर मूळ रॅम ज्या मशीनवर चालत होती त्यावर ती चालली पाहिजे. याला कागद लागतात आणि ते तुमच्याकडे जवळजवळ आहेत:

मूळ बिल. जुन्या रॅमच्या स्टिकरचा फोटो. नव्या रॅमचा दोन्ही बाजूंनी फोटो. बदलीचा कागद, ज्यावर आत गेलेला आणि बाहेर आलेला सिरीयल नंबर आहे. आणि सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे कंपनीच्या साइटवरची सुसंगत रॅमची यादी. बऱ्याच रॅम कंपन्यांच्या साइटवर मशीनचं मॉडेल टाकलं की कोणते पार्ट नंबर चालतात ते येतं. तुमच्या मॉडेलसमोर बदलीच्या रॅमचा पार्ट नंबर नसेल तर त्या पानाचा तारखेसह प्रिंट काढा. असेल, तर आणखी उत्तम, कारण मग त्यांनीच ‘चालते’ म्हटलंय.

जॉब शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या नोंदीच्या कागदावर, ‘रॅम नॉट वर्किंग’ एवढंच लिहू देऊ नका. असं लिहून घ्या: ‘मूळ रॅम २आरएक्स८ होती, बदली १आरएक्स८ दिली. एच८१, आय५-४५७० वर पोस्ट (चालू होतानाची पहिली तपासणी) होत नाही. मूळ मांडणीची बदली हवी.’ काउंटरवरचा मुलगा नाही म्हणाला तर तिथल्या तिथे हेच मेल करा आणि त्या मेलचा संदर्भ जॉब शीटवर टाकायला सांगा. टेस्टिंग कोणत्या बोर्डवर केलं हेही लेखी विचारा. उत्तर सहाव्या पिढीचा बोर्ड असं आलं की वाद निम्मा संपला.

पैशांचं: स्टॉक नसेल तर परतावा किंवा क्रेडिट नोट देण्याची तरतूद अनेक धोरणांत असते, पण निवड कंपनीची. मूळ किंमत देणार की घसारा धरून, हे त्या त्या वॉरंटीच्या मजकुरात वाचायचं. ‘लाइफटाइम’ शब्दावर फार भिस्त ठेवू नका, पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ तो माल बाजारात असेपर्यंतचं आयुष्य असा दिलेला असतो, तुमचं नव्हे. डीडीआर३च्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. आणि ब्रँडच आटोपते घेतात तेव्हा काय होतं, तेही बघा: मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या आपल्या रॅम-एसएसडीच्या ब्रँडचा ग्राहकविक्रीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी सेवा चालू ठेवू असं ते म्हणालेत, पण त्यापुढे तीच वस्तू बदलून मिळण्याची शक्यता कमीच होत जाणार.

तिसऱ्या प्रश्नातल्या एसएसडीसाठी आत्ताच सांगून ठेवतो. एसएसडीची वॉरंटी वर्षं किंवा लिहिलेला डेटा, जे आधी संपेल ते. किंग्स्टन ए४०० चं २४० जीबी मॉडेल घ्या: ३ वर्षं किंवा ८० टीबी. दिलेली ड्राइव्ह परत मिळत नाही, डेटा तर नाहीच. टॅलीचा बॅकअप आधी काढा. पिना वाकल्या, कुठे जळाल्याची खूण दिसली, पाणी गेलं, की ‘सीआयडी’ म्हणजे ग्राहकाकडून झालेलं नुकसान असा शिक्का बसतो आणि वॉरंटी तिथेच संपते. म्हणून पाकीट हातात देण्याआधी काउंटरवरच वस्तूचे फोटो घ्यावेत.

तुर्भेकर

आणि ऐकलंच नाही तर? ग्राहक मंच आहेच ना.

जॉबशीट

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. निम्म्या भानगडी इथेच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडे जाते. त्यानंतर जिल्हा आयोग. ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. कंपनी बेंगळुरूची असली तरी तुम्हाला ठाणे जिल्हा सोडावा लागत नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

पण एक खोच आहे. हे मशीन ऑफिसचं. कायद्याने ‘व्यापारी हेतूने’ घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरत असाल तर बसते. बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबरासह असेल तर समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवणार. एका रॅमसाठी आयोगापर्यंत जाण्याचं मत मी देणार नाही. १९१५पर्यंत जरूर जा.

पोर्टवाला

एनव्हीएमईचं. विंडोज चालू झाल्यावर तिचा ड्रायव्हर असतो म्हणून ड्राइव्ह दिसते. मशीन चालू होताना मात्र बायोसला ती वाचता आली पाहिजे, आणि एच८१च्या काळातल्या बायोसमध्ये एनव्हीएमईचा भाग बहुधा नसतो. म्हणून बूटच्या यादीत ती येत नाही. तुमच्या कार्डात दोष नाही, ड्राइव्हमध्येही नाही, ही पण जुळणीचीच गोष्ट.

पळवाट आहे: पेनड्राइव्हवर क्लोव्हर बूटलोडर (मशीन चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) टाकायचा, त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर, आणि आधी पेनड्राइव्हवरून चालू करायचं. चालतं. ऑफिसात करू नका. कोणीतरी साफसफाईत पेनड्राइव्ह काढणार आणि सकाळी बिलं थांबणार.

शिवाय मिळणार काय? तुमचं कार्ड छोट्या एक्स१ स्लॉटात असेल तर पीसीआय एक्सप्रेस २.०च्या एका लेनचा वेग ५०० एमबी प्रतिसेकंद. साधी २.५ इंची साटा एसएसडी ६ जीबीपीएसच्या (सेकंदाला गिगाबिट) पोर्टवर जवळपास ५५० देते. म्हणजे जास्त पैसे, जास्त कटकट आणि वेग कमीच. एच८१मध्ये ६ जीबीपीएसचे दोन पोर्ट असतात, बाकीचे ३चे. एसएसडी ६वर, जुनी हार्ड डिस्क ३वर.

एक अडचण येईल. बायोसमध्ये साटाचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) कधी कधी एएचसीआय सोडून दुसराच ठेवलेला असतो. एएचसीआय करायचा तर सरळ बदलू नका, निळी स्क्रीन येते. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडला उघडू द्या, मग सेफ बूट काढा. त्यानंतरच जुन्या डिस्कची एसएसडीवर नक्कल (क्लोन).

ही एनव्हीएमई परत करायची असेल तर ‘डिफेक्टिव्ह’ कारण टाकू नका. ऑनलाइन दुकानात बऱ्याच सुट्या भागांना फक्त ‘रिप्लेसमेंट’ असतं, म्हणजे तशीच दुसरी येईल आणि तीही बूट होणार नाही. त्यापेक्षा ५-१० सेकंदांचं यूएसबीचं एनक्लोजर (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी) घेऊन तिची बॅकअप ड्राइव्ह करा.

सोल्डरगन

‘५-१० सेकंदांचं एनक्लोजर’ म्हणजे काय हो?

पोर्टवाला

टायपिंग! १० जीबीपीएसचं म्हणायचं होतं. अर्थात तुमच्या मशीनच्या यूएसबी ३.० पोर्टवर ते ५ जीबीपीएसनेच चालेल, तेव्हा ५चंही पुरे.

सोल्डरगन

एसएमपीएस बदलू नका. आय५-४५७०चा टीडीपी, म्हणजे पूर्ण भारावरची अंदाजे वीज, ८४ वॅट. ग्राफिक्स कार्ड नाही, एक डिस्क, एक एसएसडी. अख्खं मशीन १५० वॅटच्या आत राहतं. ब्रँडेड टॉवरचा अडीचशे-तीनशे वॅटचा मूळ एसएमपीएस निवांत पुरतो आणि बाजारातल्या स्वस्त ‘५०० वॅट’पेक्षा बहुधा चांगलाही असतो.

आणि बसणारही नाही, हे तुमच्या हार्डवेअरवाल्याने झाकण उघडून बघितलेलं नसावं. साध्या एसएमपीएसला बोर्डचा २४ पिनचा कनेक्टर असतो. डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२० ला ८ पिनचा, लेनोवो थिंकसेंटर एम८३, एम९३ ला १४ पिनचा, एचपीच्या त्या काळच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलांना ६ पिनचा. अशा बोर्डांवर हार्ड डिस्कची वीजही एसएमपीएसमधून न येता बोर्डवरच्या कनेक्टरमधून येते. कन्व्हर्टर केबली मिळतात, पण मांडणी मॉडेलनुसार वेगळी. मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासल्याशिवाय लावली आणि बोर्ड गेला तर कुठलीच वॉरंटी कामाला येणार नाही.

लीजपरत

सगळे दुरुस्तीचं सांगताहेत म्हणून हिशेबाची बाजू. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, डोमेनला (कंपनीच्या केंद्रीय नेटवर्कला) जोडलेल्या मशीनना तीही नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी लागते. चौथीवर पळवाटेने चढवता येतं, पण मायक्रोसॉफ्ट त्याला आधार देत नाही. जीएसटी आणि बँकेची कामं ज्यावर होतात त्या मशीनवर मी तसं करणार नाही.

तेव्हा या टॉवरवर नवा पैसा घालायचा तो फक्त साटा एसएसडीचा, कारण ती पुढच्या मशीनमध्ये जाईल. डीडीआर३ पुढे कुठेच जाणार नाही. त्यानंतर लीजवरून (कंपन्यांकडे भाड्याने राहून) परत आलेलं आठव्या पिढीचं मशीन बघा: ऑप्टिप्लेक्स ३०६० किंवा ७०६०, एलिटडेस्क ८०० जी४, थिंकसेंटर एम७२०. डीडीआर४, एम.२ स्लॉट, विंडोज ११ अधिकृत. दुकानात ३०५० आणि ७०५० त्याच शेल्फवर असतात, दिसायलाही तशीच, पण ती सहावी-सातवी पिढी. ‘आय५’ स्टिकरवर जाऊ नका, मशीन चालू करायला लावून प्रोसेसरचा नंबर बघा. आय५-८५०० पाहिजे, आय५-७५०० नको. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ठाण्यात घ्या, बिलावर सिरीयल नंबर आणि दुकानाच्या वॉरंटीचे महिने लिहून घ्या. मूळ कंपनीची वॉरंटी एव्हाना संपलेलीच असते.

सेक्टर_एकोणीस (कोपरखैरणे)

एसएमपीएस रद्द, साटा एसएसडी घेतो, सर्व्हिस सेंटरला जॉबशीट यांनी दिलेला मजकूर मेल केला. २आरएक्स८ मिळाली तर ४ आणि ८ एकत्र चालतील ना? की दोन्ही सारख्याच लागतात?

चिपमोज्या

चालतील. आधीही चालतच होत्या. ८मधले ४ आणि दुसरीतले ४ मिळून दुहेरी चॅनेल होतो (दोन्ही रॅमशी एकाच वेळी व्यवहार), उरलेले ४ एकेरी. टॅलीला फरक कळणार नाही. दोघींपैकी हळू असेल तिचा वेग दोघींना लागतो: ४ जीबीवाली १३३३ची असेल तर १६००वालीही १३३३नेच चालेल. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ६६७ किंवा ८०० दिसलं तर घाबरू नका, ते आकडे दुप्पट करून वाचायचे. आणि काउंटरवर पाकीट घेताना सही करायच्या आधी स्टिकर वाचा. पुन्हा १आरएक्स८ असेल तर घेऊच नका, जॉब शीट उघडीच राहू द्या.